चिंगदाओतले २९ सामने : ट्रेसी मॅकग्रेडीचा चिनी हंगाम

मध्यरेषा

मंडळी, अमेरिकन बास्केटबॉलपटू ट्रेसी मॅकग्रेडीवर कुठेही चर्चा निघाली की त्याचा २०१२-१३ चा हंगाम एका ओळीत उरकतात. चीनला गेला, त्याचा संघ तळाला राहिला, परत आला, निवृत्त झाला. मला त्या हंगामाबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध समजून घ्यायचा तर तोच हंगाम नीट पाहावा लागतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९७ मध्ये एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या वार्षिक खेळाडू निवडीत टोरांटो संघाने त्याला थेट शाळेतून नवव्या क्रमांकावर घेतलं. ऑर्लँडोत असताना २००३ आणि २००४ अशी लागोपाठ दोन वर्षं तो एनबीएत सरासरी गुणांमध्ये पहिला होता. २००२-०३ ची सरासरी ३२.१. मग ह्यूस्टन, चीनच्या याओ मिंगच्या जोडीला. ९ डिसेंबर २००४ चा सॅन अँटोनियो स्पर्सविरुद्धचा सामना इथे बहुतेकांनी पाहिलेला असेल : शेवटच्या ३५ सेकंदांत एकट्याने १३ गुण काढले आणि ह्यूस्टनने ८१-८० असा सामना खेचून नेला. याओमुळे ह्यूस्टनचे सामने चीनमध्ये घरोघरी पाहिले जायचे, त्यामुळे याओ जितका त्यांचा, तितकाच मॅकग्रेडीही त्यांचा झाला.

पण प्लेऑफ, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या सात सामन्यांच्या बाद फेऱ्या, त्याला कधी लाभले नाहीत. २००३ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध ३-१ अशी आघाडी असताना ऑर्लँडो हरलं. २००५ मध्ये डॅलसविरुद्धचा सातवा सामना ४० गुणांनी गेला. २००७ मध्ये युटाविरुद्धचा सातवा सामना घरच्या मैदानावर गेला. २००९ मध्ये ह्यूस्टनने पहिली फेरी अखेर ओलांडली, तेव्हा हा गुडघ्याच्या मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रियेमुळे बाहेर बसलेला. त्यानंतर न्यूयॉर्क, डेट्रॉइट, अटलांटा. अटलांटातल्या हंगामात सामन्यामागे साधारण सोळा मिनिटं आणि ५.३ गुण.

अशा अवस्थेत, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ३३ वर्षांच्या मॅकग्रेडीने चिंगदाओ डबलस्टार ईगल्सशी एका वर्षाचा करार केला. चिंगदाओ हे शानडाँग प्रांतातलं पीत समुद्राकाठचं बंदर. क्लबच्या नावातली डबलस्टार ही तिथलीच बूट आणि टायर बनवणारी कंपनी. पेइचिंग किंवा ग्वांगडाँगसारखा मोठा क्लब नव्हे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. संघ सुरुवातीपासून हरत गेला. ३२ सामन्यांत ८ विजय, २४ पराभव, १७ संघांत शेवटचा. मॅकग्रेडी २९ सामने खेळला. सरासरी २५ गुण, ७.२ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), ५.१ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास).

माझ्यासाठी यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा २५ नव्हे, २९ आहे. त्या काळी चिनी लीगचे सामने बुधवार, शुक्रवार, रविवार असे व्हायचे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आठवड्याला तीन सामने, मध्ये देशभर प्रवास. ज्याचा गुडघा उघडून हाडाला छिद्रं पाडलेली, ज्याच्या पाठीने त्याला वर्षानुवर्षं छळलं, तो माणूस ३२ पैकी २९ सामन्यांना उतरतो, तेही संघाचं काही उरलेलं नसताना. चौदा पराभव झाल्यावर "पाठ दुखतेय" म्हणून घरी जाणं फार सोपं होतं. कराराचे पैसे आणि प्रसिद्धी घेऊन लवकर परतलेले खेळाडू आपण कमी पाहिलेले नाहीत.

म्हणून त्या हंगामाला अपयश म्हणायला माझी तयारी नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

बाकावरून

लेख मनापासून लिहिलाय, तरी माझं मत वेगळं आहे.

२९ सामने खेळला हे मान्य, आणि त्याबद्दल आदरही आहे. पण क्लबने त्याला सामने खेळायला आणलं होतं की जिंकायला? त्याच हंगामात शानडाँग प्रांताचा दुसरा संघ, जिनानचा, थेट अंतिम फेरीत पोचला. तिथे ग्वांगडाँगने त्यांना ४-० ने हरवलं, पण पोचले तर खरे. त्यांचा परदेशी गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू) होता पूह जेटर. सॅक्रामेंटोकडून एनबीएचा जेमतेम एक हंगाम खेळलेला, हॉल ऑफ फेमच्या जवळपासही नसलेला. एकाच प्रांतात एक क्लब नाव विकत घेतो आणि तळाला राहतो, दुसरा क्लब संघाला लागणारा माणूस शोधतो आणि अंतिम सामना खेळतो. मला तरी यातून क्लबच्या निवडीबद्दल स्पष्ट काही दिसतं.

दुसरं म्हणजे चिनी खेळाडूंचं काय? चेंडू कायम मॅकग्रेडीच्या हातात. बाकीचे चौघे कोपऱ्यात उभे राहून पाहणार. त्या लीगची ही जुनीच दुखरी बाजू आहे : शेवटची पाच मिनिटं आली की चेंडू परदेशी गार्डकडे, आणि मग राष्ट्रीय संघाला दबावाखाली चेंडू हाताळणारा गार्ड मिळत नाही म्हणून सगळे हळहळणार.

---

सहावा_गडी

बाकावरून, तुमचा मुद्दा नियमांच्या अंगाने थोडा पुढे नेतो.

चिनी लीगला हा धोका कळत होता, म्हणूनच तिथे परदेशी खेळाडूंवर कडक बंधनं होती. एका संघात दोन परदेशी, आणि सामन्याच्या चार क्वार्टरमध्ये (चार भागांत) दोघांना मिळून सहा क्वार्टरएवढाच वेळ. म्हणजे दोघेही पूर्ण सामना एकत्र मैदानात राहूच शकत नसत. त्यातून गुणतक्त्याच्या तळाच्या संघांना आशियातला एक जादा खेळाडू घ्यायची सवलत असायची, म्हणजे दुबळे संघ अगदीच मागे पडू नयेत. आणि लष्कराचा बायी रॉकेट्स हा संघ परदेशी खेळाडू घेतच नसे. २०२० मध्ये तो बंद झाला, तोवर त्यांनी हे पाळलं.

याचा खेळावर परिणाम असा की परदेशी खेळाडू मैदानात असतो त्या मिनिटांत त्याच्याकडून दुप्पट काम करून घ्यायचं, असं प्रत्येक प्रशिक्षकाचं गणित बनायचं. तिथे परदेशी खेळाडूंच्या सरासऱ्या फुगायच्या त्या यामुळेच. शिवाय सामना ४८ मिनिटांचा, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) ४० मिनिटांचा नाही. २०११-१२ मध्ये एनबीएतून तिथे गेलेल्या जे. आर. स्मिथने एका सामन्यात ६० गुण केले होते, आठवत असेल.

त्यामुळे २५ च्या सरासरीवर मीही फार जाणार नाही. ७.२ रिबाउंड आणि ५.१ असिस्ट मात्र मला महत्त्वाचे वाटतात. फक्त स्वतःचे गुण वाढवायला आलेला माणूस इतके पास देत नाही.

---

बॉस्फरस

मॅकग्रेडीच्या दोन वर्षं आधीचं एक उदाहरण शेजारी ठेवून पाहा, अ‍ॅलन आयव्हर्सन. "लवकर परतलेले" म्हणताना धागाकर्त्यांच्या मनात तोच असेल, असं वाटलं.

ऑक्टोबर २०१० मध्ये इस्तंबूलच्या बेशिक्ताशने त्याला दोन वर्षांसाठी घेतलं, सुमारे चाळीस लाख डॉलरवर. घोषणेची पत्रकार परिषद न्यूयॉर्कमध्ये झाली. तेव्हा फिबाच्या स्पर्धांत खेळाडूंना ४ ते १५ याच क्रमांकांचे शर्ट मिळायचे, म्हणून आयुष्यभर ३ नंबर घातलेला आयव्हर्सन तिथे ४ नंबर घालून उतरला. पहिला सामना नोव्हेंबरमध्ये, युरोकप या युरोपियन क्लबांच्या स्पर्धेत सर्बियाच्या हेमोफार्मविरुद्ध. १५ गुण, आणि संघ थोडक्यात हरला. लीगचे सात आणि युरोकपचे तीन, असे एकूण दहा सामने झाले आणि पोटरीच्या दुखापतीच्या उपचारासाठी जानेवारी २०११ मध्ये तो अमेरिकेला गेला. पुन्हा बेशिक्ताशकडून उतरला नाही. पुढे एनबीएतही नाही. निवृत्तीची औपचारिक घोषणा २०१३ मध्ये.

मी आयव्हर्सनला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. तो माझा सर्वांत आवडता खेळाडू आहे, आणि दुखापत खरी होती. पण ३५ वर्षांच्या माणसाला तुर्कस्तानात जावं लागलं याचं कारण त्याला एनबीएत कोणी बाकावरचीही जागा देत नव्हतं. फिलाडेल्फियाला एकट्याने अंतिम फेरीत नेलेला माणूस. अशा वेळी परदेशातला क्लब आधी काय देतो तर सुरुवातीच्या पाचांत नाव आणि चेंडू हातात. ही भूक आपण बाहेरून मोजू शकत नाही. त्यामुळे मॅकग्रेडी २९ सामने टिकला, हा मध्यरेषा यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो.

---

डावा_हात

बेशिक्ताशचाच विषय निघालाय तर एनबीएचा गार्ड डेरॉन विल्यम्स विसरू नका. २०११ च्या लॉकआउटमध्ये, म्हणजे मालक-खेळाडू वादामुळे एनबीए बंद होती तेव्हा, तिकडे गेला. युरोचॅलेंज या युरोपियन क्लबांच्या दुसऱ्या एका स्पर्धेत जर्मनीच्या गॉटिंगेनविरुद्ध एका सामन्यात ५० गुण. डिसेंबरमध्ये लॉकआउट संपताच परत. आणि क्लबने त्याचा ८ नंबर कायमचा निवृत्त केला! पंधराएक सामन्यांसाठी. त्याच मोसमात एर्गिन आतामानच्या हाताखाली बेशिक्ताशने युरोचॅलेंज, तुर्की लीग आणि तुर्की कप, तिन्ही जिंकले, पण तोवर विल्यम्स न्यू जर्सीत पोचला होता.

---

बाकावरून

डावा_हात, म्हणजे ट्रॉफ्या आल्या त्या तो गेल्यावर. माझंच म्हणणं सिद्ध होतंय.

---

मध्यरेषा

बाकावरून, तुमच्या दोन्ही मुद्द्यांना उत्तर देतो.

जेटरची निवड उत्तम होती, दुमत नाही. पण जिनानचा संघ आधीपासून बांधलेला होता, त्यांच्याकडे स्थानिक खेळाडूंची मजबूत फळी होती. एका संघाला शेवटचा दुवा हवा होता, दुसऱ्याला पायापासून सगळंच. चिंगदाओत जेटर असता तर तो संघ प्लेऑफला गेला असता, हे मला पटत नाही.

चिनी खेळाडूंबद्दलचा मुद्दा जास्त गंभीर आहे आणि त्यावर माझं मत ठाम आहे. शेवटच्या मिनिटांत चेंडू परदेशी खेळाडूकडे देण्याचा निर्णय प्रशिक्षक घेतो. मॅकग्रेडीची प्लेमेकिंग ही त्याच्या खेळाची नेहमी झाकली गेलेली बाजू आहे. सहा फूट आठ इंचांचा माणूस, बचावफळीच्या डोक्यावरून पाहून पास देणारा. ह्यूस्टनमध्ये याओला चेंडू नेमक्या क्षणी पोचवण्याचं अर्धं काम तोच करायचा. पाच असिस्टचा अर्थ सामन्यामागे पाच वेळा तरी दुसऱ्या कोणी बास्केट केलं. जे मोकळे उभे होते पण चुकले, ते पास कुठे मोजलेच जात नाहीत.

आणि एक गोष्ट माझ्या लेखात आली नाही ती इथे. तो हंगाम फेब्रुवारीत संपला. एप्रिलमध्ये स्पर्सने त्याला बोलावलं. तेच स्पर्स, ज्यांच्याविरुद्ध ते १३ गुण होते, तोच प्रशिक्षक पॉपोविच, तोच खेळाडू डंकन. पहिल्या फेरीत स्पर्सने लेकर्सना ४-० ने हरवलं आणि मॅकग्रेडीने कारकिर्दीत पहिल्यांदाच खेळाडू म्हणून पहिली फेरी ओलांडली. मग थेट अंतिम फेरी. त्या प्लेऑफमध्ये तो सहा सामन्यांत मिळून ३१ मिनिटं खेळला, एकही गुण केला नाही. मायामीने ४-३ ने विजेतेपद नेलं.

काही जण म्हणतात की हे दयेपोटी मिळालेलं स्थान होतं. पॉपोविच असलं काही करत नाही. दुखापत झाली तर लांब पल्ल्याचा, खेळ समजणारा एक खेळाडू बाकावर हवा, म्हणून घेतला. आणि तो खेळण्याच्या स्थितीत आहे हे त्यांना कळलं, कारण तो नुकताच २९ सामने खेळून आला होता. वर्षभर घरी बसला असता तर तो फोन आला नसता.

---

नवा_प्रेक्षक

एक शंका. नियमित हंगाम संपायला एक-दोन दिवस असताना स्पर्सने त्याला घेतलं ना? मग प्लेऑफ खेळायला परवानगी कशी मिळाली? मार्चनंतर घेतलेला खेळाडू प्लेऑफमध्ये चालत नाही असं ऐकलंय.

---

सहावा_गडी

नियम थोडा वेगळा आहे. १ मार्चनंतर एखाद्या एनबीए संघाने सोडलेला खेळाडू दुसऱ्या संघाकडून प्लेऑफ खेळू शकत नाही. मॅकग्रेडी त्या मोसमात कोणत्याच एनबीए संघात नव्हता, त्यामुळे ती अट त्याला लागू होत नव्हती. नियमित हंगाम संपण्याआधी करार झाला की पुरे. १६ एप्रिल २०१३ ला तो झाला.

मात्र परदेशातून येणाऱ्याला आणखी एक कागद लागतो, फिबाचं क्लिअरन्स लेटर. एका देशाच्या संघटनेकडून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आधीच्या संघटनेने "याच्यावर आमचा करार बाकी नाही" असं लिहून द्यायचं. तेव्हा चीनचा हंगाम लवकर संपायचा आणि त्याच सुमारास एनबीएचा शेवटचा टप्पा सुरू असायचा, म्हणून हा मार्ग अमेरिकन खेळाडूंना आकर्षक वाटायचा.

२०११ च्या लॉकआउटमध्ये याच कारणाने चिनी लीगने खबरदारी घेतली होती. एनबीएचा करार हातात असलेला खेळाडू घ्यायचाच नाही, आणि जो घ्यायचा त्याच्या करारात "लॉकआउट संपला की मी निघणार" असं कलम ठेवायचं नाही. तुर्कस्तान आणि बाकी युरोपात तशी सूट होती, म्हणून डेरॉन विल्यम्स डिसेंबरमध्ये सहज निघाला. जे. आर. स्मिथला मात्र हंगाम पूर्ण करूनच फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कला येता आलं. केन्यन मार्टिनने शिनजियांगचा संघ डिसेंबरमध्येच सोडला, तरी क्लिपर्सकडून उतरायला त्याला फेब्रुवारी उजाडला.

---

उलटी_वाट

सगळी चर्चा अमेरिकेतून बाहेर गेलेल्यांची चाललीय. अमेरिकेत आलेल्या परदेशी खेळाडूंच्या छोट्या मुक्कामांबद्दलही बोलू या, कारण तिथे "छोटा म्हणजे अपयशी" हा हिशेब आणखी अन्यायाचा ठरतो.

युता ताबुसे. उंची जेमतेम पावणेसहा फूट. २००४ मध्ये फिनिक्स सन्सकडून खेळला आणि एनबीएत उतरलेला पहिला जपानी खेळाडू ठरला. पहिल्याच सामन्यात ७ गुण. एकूण सामने चार. त्यानंतर एनबीएत कधीच नाही. पण पुढे जपानी लीगमध्ये तोचिगीच्या संघाकडून तो वर्षानुवर्षं खेळत राहिला, आणि तिकडच्या कमी उंचीच्या गार्डना त्या चार सामन्यांनी जे दाखवलं ते कोणत्याही सरासरीत सापडणार नाही.

चीनचा मेंगके बातेर २००३ च्या विजेत्या स्पर्समध्ये होता. त्या मोसमात त्यांच्याकडून बारा सामने खेळला. सुन युए २००८-०९ च्या विजेत्या लेकर्समध्ये दहा सामने. दोघांकडेही विजेतेपदाची अंगठी आहे. कोबी, पाउ गॅसॉल आणि प्रशिक्षक फिल जॅक्सनबरोबर रोज सराव करून सुन युए मायदेशी परतला आणि पेइचिंगच्या संघात एनबीएतून आलेल्या स्टेफॉन मार्बरीच्या जोडीने चिनी लीग जिंकला. बाकावरून, चिनी गार्ड घडत नाहीत असं म्हणालात. हा एक असा घडला.

---

बॉस्फरस

मार्बरीचं नाव निघालंच आहे. सगळे त्याला पेइचिंगच्या २०१२, २०१४ आणि २०१५ च्या विजेतेपदांसाठी ओळखतात, तिथे त्याचा पुतळा आहे. पण चीनमधली सुरुवात २०१० मध्ये शांशीच्या संघाकडून झाली होती, पंधराएक सामन्यांची, आणि ती जागा पुढच्या मोसमात टिकली नाही. मग फोशान, तिथेही एकच हंगाम. त्या वेळी कोणी धागा काढला असता तर आपण सगळ्यांनी त्याला "चीनमध्ये न जमलेला आणखी एक अमेरिकन" म्हणून निकालात काढलं असतं.

---

डावा_हात

ड्वाइट हॉवर्डही घ्या. नोव्हेंबर २०२२, तैवानची टी-वन लीग, ताओयुआन लेपर्ड्स. पहिल्याच सामन्यात ३८ गुण, २५ रिबाउंड, ९ असिस्ट, ४ ब्लॉक. एनबीएत ज्याला कोणी रिंगपासून लांब जाऊ देत नसे, तो तिथे चेंडू घेऊन स्वतः पुढे धावत होता, लांबून तीन गुणांचे फटके मारत होता. बहुतेक चुकत होते, पण मारत होता. वीसएक सामन्यांनंतर गुडघ्याच्या दुखापतीने हंगाम संपला. तोही संघ फारसा जिंकला नाही.

मोकळेपणाने खेळणारा हॉवर्ड इतक्या वर्षांनी पाहताना मला खूप बरं वाटलं होतं. आयुष्यभर एकाच साच्यात खेळवलेल्या माणसाला शेवटी मनासारखं खेळता आलं.

---

मध्यरेषा

डावा_हात, हे अगदी मनातलं बोललात. मॅकग्रेडीनेही चिंगदाओत पुन्हा गार्ड, फॉरवर्ड, जमेल तिथे खेळून घेतलं. अटलांटाच्या सोळा मिनिटांत ते शक्य नव्हतं.

---

बाकावरून

ताबुसे आणि सुन युए यांच्याबद्दल उलटी_वाट यांनी लिहिलेलं पटलं. क्लिअरन्सचा मुद्दाही नवा कळला. मॅकग्रेडी माणूस म्हणून आणि खेळाडू म्हणून प्रामाणिक राहिला, यावर माझा वाद कधीच नव्हता.

पण क्लबबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. २००४ चा मॅकग्रेडी आठवून २०१२ च्या मॅकग्रेडीशी करार करायचा आणि त्याच्याभोवती उभा करायला संघ नाही, हा त्याच्यावरही अन्याय होता. सुन युए लेकर्समध्ये जाऊन जे शिकला, ते चिंगदाओच्या तरुण गार्डना मॅकग्रेडीबरोबर सरावात शिकता आलं का, यावर कोणाकडे काही वाचनीय असेल तर इथे जरूर द्या. त्या हंगामाचा खरा हिशेब मी तिथे शोधेन.

---

सहावा_गडी

त्यासाठी त्या संघाच्या २०१३-१४ च्या हंगामापासून सुरुवात करावी लागेल, आणि कोणत्या स्थानिक गार्डची मिनिटं वाढली ते बघावं लागेल. बायीचे त्याच काळातले गार्डही शेजारी ठेवावे लागतील, कारण त्यांच्याकडे परदेशी कोणी नसल्यामुळे शेवटच्या मिनिटांत चेंडू नेहमी चिनी हातातच असायचा. मी आकडे जमवायला घेतो.